आठवीतल्या पोरीला इलेक्ट्रॉनिक्सचं किट घ्यायचंय, ठोकळे जोडायचं घेऊ की आर्डुइनो? आणि ते ओपन सोर्स असलं काय नसलं काय, आपल्याला काय फरक पडतो?

मी इंजिनिअर नाही हां. आयटीआय इलेक्ट्रिशियन, कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, हा नाद चाळिशीनंतर लागला, त्यामुळं तुमच्या पोरीच्या दोन पावलं पुढं आहे एवढंच धरा.

आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड, आणि ओपन सोर्स म्हणजे त्याचा ड्रॉइंग सगळ्यांना उघडा, कुणीही बघावा, वापरावा. ओपन सोर्सचं आधी सांगतो कारण पैसे तिथंच वाचतात. भाच्याला मी पहिलं किट घेतलं ते एकदम चकाचक, रंगीत ठोकळे, एकाला एक लावले की झालं सुरू. तीन महिन्यांत मेन ठोकळा बंद. उघडून बघितला तर चिपवरचं नाव घासून काढलेलं, सर्किटचा ड्रॉइंग कुठं मिळेना, कंपनीला फोन केला तर म्हणे नवीन सेट घ्या. कंपनीचं नाव घेत नाही, पण डबा अजून माळ्यावर पडलाय.

मग आर्डुइनोचा उनो नावाचा बोर्ड घेतला, तोही क्लोन, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याच ड्रॉइंगवरनं बनवलेला. दाजींची तासगावला बेदाण्याची शेड आहे, तिथं भाच्यानं हवेतला दमटपणा बघायला सेन्सर आणि लाइट-पंख्यासाठी चार रिले, म्हणजे बोर्डच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच, जोडले (२३० व्होल्टची बाजू मी केली, पोरांना त्याला हात लावू द्यायचा नाही, तुम्हीपण नका देऊ). दोन रिले ओढले की ठीक, चारही एकदम ओढले की थोड्या वेळानं बोर्ड बंद पडायचा. मी बोर्डवरच्या एका बारक्या काळ्या पार्टवर बोट ठेवलं आणि चटकाच बसला. झालं असं की बोर्डला अॅडाप्टर १२ व्होल्टचा आणि रिलेंना ५ व्होल्ट बोर्डवरनंच घेतलेले. एक रिले साधारण ७० मिलीअँप खातो, चार मिळून २८०, आणि वरचे सहा-सात व्होल्ट तो काळा पार्ट, म्हणजे व्होल्ट उतरवून ५ करणारा रेग्युलेटर, बिचारा नुसती उष्णता करून टाकतोय, म्हणजे जवळजवळ दोन वॅट, शेंगदाण्याएवढ्या पार्टमध्ये. हे कळेपर्यंत एके दिवशी वास आला आणि गेलाच तो.

पण उनोचा पूर्ण ड्रॉइंग नेटवर फुकट आहे ओ. स्टँडजवळच्या मोबाईल रिपेअरवाल्याला मोबाईलवरच दाखवला, हा पार्ट, ही तीन पायं, त्यानं हॉट एअरनं काढून दुसरा बसवला, चहा होईपर्यंत बोर्ड चालू. आता रिलेंना वेगळा ५ व्होल्टचा चार्जर दिलाय आणि दोन्हींचा ग्राउंड, म्हणजे मायनसची तार, एकत्र जोडलाय. हा फरक पडतो ओपन सोर्सनं. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात डिझाइनच्या पोरांसाठी काढलं, नावसुद्धा तिथल्या एका बारवरनं घेतलंय म्हणे थाटात सांगतात लोकं, आणि खरंच आहे ते. ड्रॉइंग उघडा असल्यामुळं क्लोन बनवणं चोरी नाही, फक्त आर्डुइनो हे नाव वापरता येत नाही.

आता ठोकळे की आर्डुइनो. लिटलबिट्ससारखे चुंबकानं चिकटणारे ठोकळे लहान पोरांना झकास, उलटे लागतच नाहीत, पण आठवीच्या पोरीला दोन महिन्यांत कंटाळा येणार आणि खिशालाही जड. माझं मत, उनोचा क्लोन घ्या आणि ग्रोव्ह नावाच्या प्लगवाली शील्ड, म्हणजे उनोवर बसणारा जोडबोर्ड, तिला चार तारांचा प्लग असतो, सेन्सर खटकन बसतो. लोकं म्हणतात प्लगनं पोरं आळशी होतात. मला नाही पटत, कारण ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायची भोकांची पट्टी) जंपर वायर जराशी सैल झाली की पोरगी बसते प्रोग्राममध्ये चूक शोधत आणि चूक वायरीत असते, पहिल्याच आठवड्यात नाद सुटतो. महिना-दोन महिन्यांनी शील्ड काढून ठेवा, मग ब्रेडबोर्ड. क्विक आणि स्टेमा क्यूटी हेही तसलेच प्लगवाले, ते एकमेकांत चालतात, ग्रोव्हमध्ये मात्र थेट बसत नाहीत, म्हणून सुरुवातीला एकच प्रकार धरा.

ईएसपी ३२ नावाचा बोर्ड कुणी स्वस्तात वायफायसकट देतो म्हणाला तर नंतर घ्या, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यांना ५ व्होल्ट दिले तर जळू शकतं. कुंडीतली माती बघायचा दोन काट्यांचा सेन्सर घेऊ नका, करंट जाऊन जाऊन काटे कुजतात, कपॅसिटिव्हवाला घ्या, त्याला उघडे काटे नसतात.

आणि क्लोन लॅपटॉपला लावला आणि दिसलाच नाही तर बोर्ड परत पाठवायची घाई करू नका. बऱ्याच क्लोनवर यूएसबीवरनं लॅपटॉपशी बोलणारी सीएच ३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर टाका. तरी दिसेना तर केबल बदला, काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, डेटा नेतच नाहीत. माझे अख्खे दोन रविवार त्यात गेलेत.