भाड्याच्या जागेत किती पैसा रोवायचा?

प्रश्न: गोव्यात म्हापशाला आमचं फर्निचरचं दुकान आहे. जागा 1,400 चौरस फूट, भाड्याची, करार अजून दोन वर्षांचा. आसगाव, शिवोली, हणजूण भागातले बंगलेवाले आणि होमस्टेवाले बागेत, गच्चीवर ठेवायचं फर्निचर आणि फायर पिट (बाहेर मांडायची गॅसवरची शेकोटी) मागतात. म्हणून अर्धं दुकान त्यासाठी नव्याने मांडायचा विचार आहे. डेक (फळ्यांचा ओटा), पेर्गोला (वर आडव्या पट्ट्यांचा उघडा मांडव), काचेची भिंत आणि दिवे 9 लाख, माल 11 लाख, फायर पिट 2 लाख, एकूण 22 लाख. विक्रीवर नफा 30 टक्के धरलाय. 14 लाखांची ठेव मोडून 8 लाख सोनेतारण घ्यायचं ठरवतोय. मुलगी दोन वर्षांनी बारावी होईल. करावं का?

उत्तर: ताई, हा माल जरूर ठेवा. गिऱ्हाईक स्वतःहून विचारत येतंय, तेव्हा त्याला परत पाठवू नये. पण 22 लाख घालू नका, आणि ठेव तर मुळीच मोडू नका. आकड्यांपेक्षा मला जास्त खटकली ती भाडेकराराची मुदत.

डेक आणि काचेची भिंत तुमची, पण ज्या जमिनीला ती जोडली जाणार ती मालकाची. दोन वर्षांनी त्याने भाडं वाढवलं किंवा जागा परत मागितली तर 9 लाखांतलं तुमच्या हाती काय उरेल? माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मडगावच्या एका गृहस्थांनी असाच डेक ठोकून घेतला होता. जागा सोडताना फळ्या काढायला गेले, तर निम्म्या तडकल्या आणि खालची फरशी फुटली. ती भरून देण्याचा खर्चही त्यांच्याच अंगावर आला. तेव्हापासून मी दुकानदारांना एकच विचारतो, यातलं टेम्पोत किती चढेल?

आता हिशेब. 9 लाख 24 महिन्यांवर वाटले तर महिन्याला 37,500. मोडलेल्या ठेवीचं बुडालेलं व्याज 7 टक्क्यांनी सुमारे 8,200, सोनेतारणाचं 10 टक्क्यांनी 6,700, आणि एक जादा माणूस 16,000. झाले 68,400. तुम्ही नफा 30 टक्के सांगितलाय, म्हणजे नुसता हा खर्च निघायला महिन्याला सव्वादोन लाखांवर नवी विक्री हवी. आणि ती बाराही महिने होणार नाही. जून ते सप्टेंबर इथे बागेची खुर्ची कोण घेणार? उरलेल्या आठांतला मे बहुतेक रिकामा जातो. सात महिन्यांतच सगळं कमवायचं तर महिन्याला जवळजवळ 3 लाख 90 हजार. पहिल्याच वर्षी एवढं होईल असं मला वाटत नाही.

यापेक्षा असं करा. पक्कं काम 2 लाखांत बसवा, फक्त वायरिंग आणि रंग. दीड लाखात चाकांचे प्लॅटफॉर्म, स्टँडवरचे दिवे आणि नटबोल्टने उघडता येणारा छोटा पेर्गोला. माल साडेचार लाखांचा. हे झाले 8 लाख. पक्क्या कामाचे 2 लाख 24 महिन्यांवर वाटून आणि 8 लाखांचं व्याज धरून हा खर्च साधारण 13,600 रुपये महिना पडतो, म्हणजे मोसमात महिन्याला 78,000 ची विक्री पुरे. एखाद-दुसरा सोफासेट गेला की ती होते. जादा माणूस डिसेंबरपर्यंत नको.

करातही याचा फायदा आहे. जागेला कायमच्या जोडलेल्या बांधकामावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करणं, मिळत नाही. रॅक, दिवे, प्लॅटफॉर्म अशा उचलून नेता येणाऱ्या सामानावर मिळतं. बिलं वेगवेगळी घ्या, ठेकेदाराला एकगठ्ठा बिल देऊ देऊ नका.

साडेचार लाखांत मांडणी कशी होणार, असं वाटेल. माझ्या मते ती जास्त चांगली होईल. गिऱ्हाईकाला दहा सेट रांगेत बघायचे नसतात, आपल्या घरी तो कसा दिसेल ते बघायचं असतं. जमिनीवर चिकटपट्टीने 8 बाय 10 फुटांची चौकट आखा, इथल्या बाल्कांवाएवढी (घरापुढच्या बसायच्या पडवीएवढी). त्यात दोन खुर्च्या, एक टीपॉय, एक दिवा. दुसरी जागा गच्चीची, तिसरी बागेची. मध्ये तीन फूट वाट सोडा, माणसाला बसता आलं पाहिजे. बाकीचे नमुने कापडाचे आणि लाकडाचे तुकडे ठेवून दाखवा, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन मग मागवा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. एक खुर्ची मुद्दाम पावसाळाभर दाराबाहेर ठेवा, तारखेची चिठ्ठी लावून. खारं वारं आणि इथला पाऊस सोसलेली खुर्ची उलटी करून गिऱ्हाईकाला स्क्रूची डोकी दाखवता आली, तर कुठल्याही कॅटलॉगची गरज नाही. माल घेताना तुम्हीही तेच करा. खुर्चीच्या पायाच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी काढून आत बघा. पावडर कोटिंग (धातूवर भाजून बसवलेला रंगाचा थर) तिथे बहुधा नसतं आणि तिथूनच तांबूस पाणी फरशीवर उतरतं. स्टील असेल तर 316 ग्रेड मागा. समुद्राजवळ 304 वरही डाग पडतात.

फायर पिट फक्त दोन घ्या. इथल्या थंडीत शेकोटीची गरज कुणाला? लोक ती गप्पांसाठी आणि फोटोसाठी घेतात, त्यामुळे विकत घेणारे मुख्यतः होमस्टे आणि रेस्टॉरंटवालेच. पेटवून दाखवायची ती संध्याकाळी बाहेरच्या मोकळ्या जागेत, बंद एसी दुकानात कधीही नाही. सिलिंडर 19 किलोचा व्यावसायिकच वापरा, घरचा नको. दुकानात गॅस आणि उघडी ज्योत असणार हे विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर आग लागली तर दाव्याच्या वेळी नेमकं तेच पुढे येईल.

होमस्टे-रेस्टॉरंटवाले उधारीवर नेतात, तिथे सांभाळा. तुम्हाला माल बनवून देणारा कारखानदार उद्यम-नोंदणीचा (सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेला) सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि लेखी करार असेल, तर त्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला आणि पैसे 31 मार्चलाही बाकी राहिले, तर तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. करारच नसेल तर मुदत 15 दिवस. गिऱ्हाईक तुम्हाला 90 दिवसांनी देणार असेल तर मधला पैसा तुमच्या खिशातून जातो. म्हणून माल उतरवण्याआधी पूर्ण रक्कम घ्या, नव्या गिऱ्हाईकाकडून तरी.

पैशासाठी ठेव मोडण्यापेक्षा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण 1 ते 2 टक्के जास्त, पण फक्त उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं. जानेवारीत विक्री झाली की परत भरा. ठेव जागेवर राहते, मुदतपूर्व मोडण्याचा दंड नाही, आणि मुलीच्या प्रवेशाच्या वेळी पैसा हाताशी असतो. सोनं घरातच राहू दे. दोन वर्षांनी फीचा आकडा कळल्यावर ते लागलं तर लागेल.

गणेश चवथीआधी मालकाकडे जा. करार पाच वर्षांचा करून रीतसर नोंदवून देतो म्हणाला, तर डेकचा विचार पुन्हा करू. तयार नसेल, तर चाकांच्या प्लॅटफॉर्मचं माप घ्यायला सुतार बोलवा, म्हणजे ऑक्टोबरआधी मांडणी होईल.