लेकीची बार्सिलोना आणि बिल्डरचे चेक

लालबागच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. जुन्या गिरण्यांच्या वस्तीचा कायापालट कसा झाला ते बघायला कॉलेज पाच महिन्यांनी नऊ दिवस बार्सिलोनाला नेतंय. कॉलेजचा आकडा 2 लाख 40 हजार, त्यातला पहिला हप्ता 60 हजार, पंधरा दिवसांत भरायचा. सक्ती नाही, न जाणाऱ्यांना इथेच एक प्रकल्प आहे. नवरा-बायकोचे मिळून महिना 98 हजार हातात येतात. घरखर्च 68, मुलीच्या पुढच्या शिक्षणाची एसआयपी 12, उरतात 18 हजार. एफडी साडेचार लाखांची, म्युच्युअल फंडात 3 लाख 10 हजार, शिवाय ताईंचा पीपीएफ. मिस्टर म्हणतात एफडी मोडू. मुलगी म्हणते ॲपवरून पर्सनल लोन घेऊ, मी फेडीन. ताईंच्या मनात पाटल्या गहाण टाकायचं आहे. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: चाळ पाडली आहे, सध्या काळाचौकीला भाड्याने राहतो, 30 हजार भाडं बिल्डर देतो, चेक अजून तीन महिन्यांचे आहेत.

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या ओळीवरच माझं सगळं उत्तर उभं आहे. पुढचे चेक वेळेवर आले तर तुमचं गणित छान बसतंय. नाही आले तर 18 हजारांची शिल्लक त्याच महिन्यात 12 हजारांची तूट होते. एसआयपी बंद केली तर जेमतेम शून्यावर याल. भाडं थकवलेल्या बिल्डरांच्या ऑफिसात चपला झिजवणारी कुटुंबं तुमच्या गल्लीतही असतीलच, मी वेगळं सांगायला नको. म्हणून भाडं धरून महिन्याचा खर्च 98 हजार समजा. सहा महिन्यांची सोय म्हणजे 5 लाख 88 हजार. तुमची एफडी आत्ताच तिथे अपुरी पडते. मिस्टरांना सांगा, एफडीला हात लावायचा नाही, ना बार्सिलोनासाठी ना आणखी कशासाठी.

आता जावं का? परदेश म्हटलं की माझा पहिला कल नाहीकडे असतो, कारण अशा सहलींत निम्मे दिवस बसमधून शहर बघण्यात जातात. पण या सहलीचा विषय तुमच्या लेकीच्या अंगणातला आहे. बार्सिलोनाच्या पोब्लेनोऊ भागात कापडगिरण्या होत्या. त्याला कॅटलोनियाचं (स्पेनमधला बार्सिलोनाचा प्रांत) मँचेस्टर म्हणत, जसं आपल्याकडे गिरणगाव. 2000 साली तिथल्या महापालिकेने साधारण 200 हेक्टर औद्योगिक जमिनीसाठी 22@ नावाची योजना आणली. मालकाला जास्त बांधकाम करू द्यायचं आणि बदल्यात 30 टक्क्यांपर्यंत जमीन बागा, परवडणारी घरं आणि सार्वजनिक सोयींसाठी काढून घ्यायची. आपल्याकडे 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 असाच होता: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. मग 2001 साली बदल झाला आणि ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची ठरली. सार्वजनिक वाटा किती आक्रसला ते लोअर परळच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं. सुप्रीम कोर्टानेही 2006 साली तो बदल कायम ठेवला. बार्सिलोनातही सगळं गोड नाही. कान रिकार्ट नावाच्या जुन्या कारखान्याच्या आवारावरून रहिवासी आणि कलाकार रस्त्यावर उतरले होते. चाळीत वाढलेल्या आणि स्वतःचं घर पुनर्विकासात गेलेल्या मुलीने हे पायी फिरून बघावं, असं मला मनापासून वाटतं. तिच्या वर्गातल्या टॉवरमधल्या मुलांपेक्षा तिला त्यात जास्त दिसेल.

फक्त कॉलेजकडून रोजचा कार्यक्रम लेखी मागा. पोब्लेनोऊला किमान तीन-चार दिवस नसतील आणि फुटबॉलचं मैदान, चर्च, खरेदी यांनीच पान भरलं असेल, तर इथला प्रकल्प बरा.

पैशांचं असं करा. कॉलेजच्या आकड्यात व्हिसा, विमा आणि दोन वेळचं जेवण नाही, हे तुम्हीच लिहिलंय; म्हणून 2 लाख 75 हजार धरा. पाच महिन्यांच्या शिल्लकीतून 90 हजार. म्युच्युअल फंडातून सव्वा लाख. हा पैसा तिच्या शिक्षणासाठीच ठेवलेला आहे, हेही शिक्षणच. इक्विटी फंडातली एक वर्षाहून जुनी युनिट्स विकलीत तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यामुळे तिकडून त्रास नाही. उरले 60 हजार. त्यासाठी पाटल्या चालतील, पण बँकेत, पेढीवर नाही, आणि फेड तिच्या ऑफिस ट्रेनिंगच्या स्टायपेंडमधून व तुमच्या शिल्लकीतून सहा महिन्यांत. मुलीचं लोन मात्र नको. 2 लाख 40 हजार 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साडेअकरा हजारांचा आणि व्याज साडेछत्तीस हजार; ॲपवाले याहून महाग असतात. पीपीएफ तुमच्या म्हातारपणाचा आहे, तो राहू द्या.

क्रम महत्त्वाचा. पहिले 60 हजार आत्ता फंडातून भरा. भरण्याआधी व्हिसा नाकारला किंवा नाव मागे घेतलं तर किती परत मिळतील, हे ईमेलवर घ्या. तोंडी आश्वासन नको. पुढचा मोठा हप्ता बिल्डरचे नवे अकरा महिन्यांचे चेक हातात पडल्याशिवाय भरायचा नाही. फोनवर "उद्या देतो" म्हणजे चेक नाही. तारीख टळली तर तिथेच थांबायचं, पहिल्या हप्त्यातलं काही बुडालं तरी. हे लेकीला आजच सांगून ठेवा, ऐन वेळी रडारड नको.

आणखी दोन-तीन बारीक गोष्टी. टूर कंपनी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आधीच वसूल केलेला कर, घेईल. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो. पण पॅन मुलीचा दिलात तर रिटर्नही तिलाच भरावं लागेल, म्हणून तुमचा किंवा मिस्टरांचा द्या. कर लागत नसला तरी रिटर्न भरल्याशिवाय रिफंड येत नाही. शेंगेन व्हिसासाठी (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) बँकेचं गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, तेव्हा आदल्या आठवड्यात मामाकडून दोन लाख फिरवून आणू नका. अधिकाऱ्याच्या नजरेत तेच पहिलं भरतं. विमा किमान 30 हजार युरोंचा हवा. तिथल्या खर्चाला आधीच युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड द्या, क्रेडिट कार्डावर बऱ्याचदा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जास्तीचा आकार, आणि वर जीएसटी लागतो. दुकानातलं मशीन रुपयांत पैसे घेऊ का विचारेल, तिथे युरोच निवडायला सांगा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना याच आठवड्यात भेटा आणि विचारा की पुढचे चेक कोणत्या तारखेचे आहेत, आणि करारात भाडं थकलं तर काय लिहिलंय. कराराची प्रत घरी नसेल तर झेरॉक्स घेऊनच या.