वाचकांचे प्रश्न : निबंध नेमका कुठे फसतो?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं विद्यार्थ्यांच्या निबंधांबद्दल आहेत. इतिहास, साहित्य, आरोग्य, समाज असे विषय वेगवेगळे असले तरी अडचणी बऱ्याच सारख्या आहेत. पहिला प्रश्न सगळ्यांच्या मुळाशी असल्यानं त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘साथीचे रोग आणि समाज’ यावर १५०० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. चाळीस पानं टिपणं काढून झाली, पण पहिलं वाक्यच सुचत नाही.

तुमच्याकडे विषय आहे, पण प्रश्न नाही. ‘साथीचे रोग आणि समाज’ हे नुसतं नाव झालं. त्याच्याशी कुणाला सहमत होता येत नाही आणि वादही घालता येत नाही. म्हणूनच वाक्य सुचत नाही.

आधी हिशोब करा. १५०० शब्दांतले अडीचशे-तीनशे प्रस्तावना आणि शेवट यांत जातात. एक मुद्दा पुराव्यासह नीट मांडायला दोनशे ते अडीचशे शब्द लागतात. म्हणजे तुमच्या हाती पाच, फार तर सहा मुद्दे आहेत. चाळीस पानांतली पस्तीस बाजूला ठेवावी लागणार, हे आजच मान्य करा.

आता विषयाला तीन बाजूंनी कात्री लावा : कुठे, कधी, आणि कुणाच्या बाबतीत. उदाहरणार्थ, लंडन, १८५४, कॉलरा. एवढ्यानंही प्रश्न तयार होत नाही. त्याला ‘का’ किंवा ‘कितपत’ जोडावं लागतं : कॉलरा पाण्यातून पसरतो याचा पुरावा डॉ. जॉन स्नो यांनी मांडला, तरी तो लगेच का स्वीकारला गेला नाही? इथे लिहायला जागा मिळते, कारण उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांशी झगडतात.

मग मुद्दे आपोआप रांगेत येतात. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो, ही तेव्हाची समजूत अडाणीपणाची नव्हती. जिथे दुर्गंधी तिथे रोग, हे लोक रोज पाहत होते. स्नोंचा पुरावा मात्र लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक हातपंपाच्या आसपासच्या मृत्यूंपुरता नव्हता. या पंपाजवळच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना काम आणि आसरा देणाऱ्या संस्थेत, पाचशेहून अधिक माणसं राहत होती, पण तिथे स्वतःची विहीर होती आणि मृत्यू झाले अवघे पाच. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका विधवेला याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ते मुद्दाम आणवलं जाई. ती कॉलऱ्यानं गेली. नियमाबाहेरची वाटणारी ही उदाहरणंच सगळ्यात भक्कम पुरावा ठरतात. निबंधात अशा उदाहरणांना अर्धं पान द्यायला हरकत नाही.

पुढचा मुद्दा : ८ सप्टेंबर १८५४ ला पंपाचा दांडा काढला, पण तोवर साथ ओसरू लागली होती, आणि बरेच लोक वस्ती सोडून गेले होते. हे खुद्द स्नोंनीच नोंदवलं आहे. जवळजवळ प्रत्येक निबंधात मात्र ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ असं वाक्य असतं. गोष्ट म्हणून ते छान आहे, इतिहास म्हणून कच्चं. त्यानंतर जंतूचा मुद्दा. इटलीत पाचिनी या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी कॉलऱ्याच्या जंतूचं वर्णन केलं, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचं या जंतूवरचं काम पुढे आलं ते १८८०च्या दशकात. शेवटचा मुद्दा सगळ्यात मजेदार आहे. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी असह्य झाली आणि त्या धक्क्यानं लंडनच्या मोठ्या गटारयोजनेला मंजुरी मिळाली. म्हणजे समजूत चुकीची, पण तिच्यामुळे झालेलं काम बरोबर! तुमचं उत्तर इथे पोचलं, तर ‘समाज’ हा शब्द एकदाही न वापरता निबंध समाजाबद्दलच होईल.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. आत्ता वहीच्या वर फक्त प्रश्न लिहा आणि त्याखाली तुमचं उत्तर एका वाक्यात. ते वाक्य लिहिता येत नसेल तर अजून थोडं वाचायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : आरोग्यावरच्या निबंधात भरपूर आकडे दिले होते. शिक्षकांनी प्रत्येकासमोर ‘मग काय?’ असा शेरा मारला. आकडे देणं चूक आहे का?

चूक नाही, पण सुटा आकडा मुका असतो. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. १८५४च्या साथीत पहिल्या सात आठवड्यांत एका पाणी कंपनीच्या ग्राहकांच्या घरांत कॉलऱ्यानं १२६३ माणसं मेली आणि दुसरीच्या ग्राहकांकडे ९८. वाचणारा म्हणेल, तेरापट! पण पहिली कंपनी ४०,०४६ घरांना पाणी देत होती आणि दुसरी २६,१०७ घरांना. म्हणून दर १०,००० घरांमागे किती मृत्यू, हे स्नोंनी काढलं : ३१५ आणि ३७. म्हणजे फरक साधारण साडेआठपट. कमी झाला, पण आता तो खरा आहे. निबंधातल्या प्रत्येक आकड्याला ‘कितीपैकी?’ असं विचारा. छेद सापडला नाही तर तो आकडा वापरू नका.

दुसरा प्रश्न विचारायचा तो ‘हे यामुळेच झालं कशावरून?’ हा. दोन वस्त्यांत रोगाचं प्रमाण वेगळं असेल तर कारण पाणी असेल, गरिबी असेल किंवा दाटीवाटीही. स्नोंची तुलना भारी ठरते ती यासाठी, की या दोन कंपन्यांचे नळ एकाच भागातल्या त्याच गल्ल्यांतून गेले होते. श्रीमंत-गरीब, मोठी घरं-लहान घरं दोन्हींकडे मिसळलेली होती. ठळक फरक उरला तो पाण्याचा. कमी मृत्यूंच्या कंपनीनं १८५२ मध्ये पाणी घेण्याची जागा नदीच्या वरच्या अंगाला हलवली होती, जास्त मृत्यूंची कंपनी मात्र शहराचं सांडपाणी मिसळलेलं पाणीच उचलत राहिली. तुमच्या निबंधातली तुलना इतकी स्वच्छ नसेल, तर ‘यामुळे’ लिहू नका. ‘यासोबत आढळतं’ एवढंच लिहा.

आणि ‘धोका दुप्पट झाला’ हे वाक्य एकटं कधीही सोडू नका. दहा हजारांत दोनाचे चार झाले तरी दुप्पटच, आणि शंभरात वीसाचे चाळीस झाले तरी दुप्पटच.

प्रश्न : साहित्यकृतीवरच्या निबंधात मी कथानक सांगत बसते, असं मला नेहमी ऐकवलं जातं. कथानक सांगितल्याशिवाय लिहायचं तरी कसं?

तपासणारी व्यक्ती ती कृती वाचूनच बसलेली असते. कच्चा खर्डा झाला की पेन्सिल घ्या आणि कृती वाचलेल्या माणसाला आधीच ठाऊक असलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. अर्ध्याहून जास्त पानावर रेघा आल्या, तर तुम्ही गोष्ट सांगता आहात.

उपाय असा, की घटनेऐवजी निवडीबद्दल लिहायचं. ‘पात्रानं काय केलं’ हे कथानक झालं. ‘लेखकानं हेच का ठेवलं, दुसरं का नाही’ ही समीक्षा झाली. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं १८७९चं ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक घ्या. ‘शेवटी नोरा घर सोडून जाते’ या वाक्याला गुण नाहीत. पण जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेननं नाइलाजानं वेगळा शेवट लिहून दिला होता. त्यात नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दारापाशी नेतो आणि ती तिथेच खाली बसते, जात नाही. दोन शेवट शेजारी ठेवा. मूळ शेवटात बंद होणाऱ्या दाराचा आवाज का महत्त्वाचा आहे, आणि मुलांना मध्ये आणल्यावर नोराचा निर्णय कुणाच्या हाती जातो, हे लिहिता येईल. दर वेळी असा दुसरा शेवट हाताशी नसतो, तेव्हा तो मनात तयार करायचा : हा प्रसंग नसता तर काय बिघडलं असतं?

अवतरणांबद्दल एकच पथ्य. दोन ओळींचं अवतरण दिलं तर त्यानंतर निदान तीन ओळी तुमच्या हव्यात, आणि त्यांत अवतरणातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवलेलं हवं. ‘यातून पात्राचं दुःख दिसतं’ हे बोट ठेवणं नव्हे.

प्रश्न : ‘संस्कृती’ या विषयावर लिहिताना सगळं फार गोड गोड होतं. का?

कारण संस्कृतीला आपण माणूस समजून कर्त्याच्या जागी बसवतो : ‘संस्कृती शिकवते’, ‘परंपरा सांगते’. सांगणारं कोण, कधी आणि कुणाला, हे विचारलं की गोडवा उतरतो. ‘प्राचीन काळापासून’ हे शब्द आले की थांबा आणि साल शोधा. पाश्चात्त्य वधूचा पांढरा पोशाख अनादी वाटतो. पण तो रूढ व्हायला मोठं निमित्त झालं ते १८४० मधल्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाचं. त्याआधी रंगीत पोशाखात लग्न होणं अगदी नेहमीचं होतं. साल सापडलं की निबंधाला प्रश्नही सापडतो : एका राणीची निवड सगळ्यांची ‘परंपरा’ कशी झाली?

‘सर्व लोक’ या शब्दांनाही असंच अडवा. स्त्रिया, मुलं, गरीब, बाहेरून आलेले, यांतलं कुणी त्या ‘सर्व’मध्ये बसत नसेल तर ते लिहा. बहुतेक वेळा निबंधातली सगळ्यात चांगली ओळ तीच निघते.

प्रश्न : पुस्तकातलं वाक्य शब्द बदलून लिहिलं, तरी उचलेगिरी म्हणून गुण कापले. मग आपल्या शब्दांत लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वाक्याचा सांगाडा तोच ठेवून त्यावर समानार्थी शब्द चढवले, तर ते वाक्य मूळ लेखकाचंच राहतं. पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिलं की हे हमखास होतं. त्यापेक्षा उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, पाच-दहा मिनिटं दुसरं काही करा, मग आठवेल ते लिहा. नंतर पुस्तक उघडून फक्त दोन गोष्टी पाहा : तथ्यं बरोबर आहेत ना, आणि सलग चार-पाच शब्द जसेच्या तसे आलेत का. आले असतील तर ते अवतरणचिन्हांत घाला किंवा मोडा. आणि शब्द तुमचे झाले तरी मत त्यांचंच आहे, तेव्हा लेखकाचं नाव दोन्ही वेळा द्यायचंच.

खरा घोळ टिपणं काढतानाच होतो. महिन्याभरानं वही उघडली की कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं पुस्तकातलं, हे कळत नाही. म्हणून शब्दशः उतरवलेलं अवतरणचिन्हांत आणि पृष्ठक्रमांकासह. सारांश पृष्ठक्रमांकासह, पण चिन्हांशिवाय. आणि स्वतःचा विचार चौकटी कंसात किंवा वेगळ्या शाईनं. पृष्ठक्रमांक त्याच क्षणी लिहा, ‘नंतर लिहू’ म्हटलं की तो हरवतो.

काहींनी चॅटबॉटबद्दलही विचारलं आहे. संस्थेचा नियम आधी वाचा, तो सगळीकडे सारखा नसतो. परवानगी असली तरी त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत शोधा. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं ही यंत्रं अगदी आत्मविश्वासानं देतात.

प्रश्न : मी शिकवते. मुलांचे मुद्दे चांगले असतात, पण एकाचा दुसऱ्याशी सांधा नसतो. ‘म्हणून’, ‘तसेच’, ‘शिवाय’ घालायला सांगितलं, तरी फरक पडत नाही.

पडणार नाही, कारण सांधा शब्दात नसतो, क्रमात असतो. खर्डा पूर्ण झाल्यावर मुलांना प्रत्येक परिच्छेदाशेजारी, समासात, त्याचं म्हणणं दहा शब्दांत लिहायला सांगा. मग निबंध झाकून फक्त समास वाचायचा. दोन परिच्छेदांचं म्हणणं एकच निघालं तर ते जोडायचे. एकातच दोन म्हणणी निघाली तर तो तोडायचा. काहीच लिहिता आलं नाही तर तो काढायचा. आणि समासातल्या ओळींची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर ती यादी आहे, युक्तिवाद नाही. ‘तसेच’नं सुरू होणारे तीन परिच्छेद एकापाठोपाठ दिसले की बहुधा हाच रोग असतो.

प्रश्न : दहावीत आहे. परीक्षेत निबंध अर्धवट राहतो.

आधी स्वतःचा वेग मोज. घड्याळ लावून पाच मिनिटं लिही, शब्द मोज आणि पाचानं भाग. मिनिटाला पंधरा शब्द होत असतील, तर वीस मिनिटांत तीनशेच होणार; चारशेचा आराखडा आखून उपयोग नाही. तीस मिनिटं असतील तर पाच आराखड्याला, बावीस लिहायला आणि तीन वाचायला ठेव. आराखड्यात शेवटचं वाक्य आधीच लिहून ठेव, म्हणजे वेळ संपत आला तर थेट तिथे उडी मारता येते. सुरुवातीच्या सुविचाराला सुट्टी दे. त्यात दोन मिनिटं जातात आणि तो शेजारच्या बाकावरही लिहिला जात असतो.

प्रश्न : शब्दमर्यादेपेक्षा ४०० शब्द जास्त झालेत. विशेषणं काढली तरी जेमतेम ५० कमी झाले.

विशेषणांत एवढे शब्द नसतातच. ‘असे म्हणता येईल की’, ‘या ठिकाणी हे नमूद करणे आवश्यक आहे’, ‘वरील विवेचनावरून असे दिसून येते की’ ही वाक्यांची शेपटं आधी छाटा. शंभरेक शब्द तिथेच सुटतील. उरलेल्या अडीचशेंसाठी एक अख्खा मुद्दा जाऊ द्या, सगळ्या मुद्द्यांतून थोडं थोडं खरवडू नका. कोणता, ते समासातल्या ओळींवरून कळेल : जो काढल्यावर पुढच्या परिच्छेदाला काहीच फरक पडत नाही, तो.