नाटक ‘येतं’ आणि पिक्चर ‘लागतो’: पडद्यावरच्या संगीत नाटकाला काय म्हणायचं?

सांगलीहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ५ नोव्हेंबरच्या, म्हणजे मराठी रंगभूमी दिनाच्या सुमारास तिथल्या एका चित्रपटगृहात जुन्या संगीत नाटकाचं रेकॉर्डिंग मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरतं आहे. फलकावर काय लिहावं यावरून वाद पडला. एकाने ‘संगीत चित्रपट’ सुचवलं, दुसऱ्याने ‘नाट्यपट’, तिसऱ्याने ‘संगीतिका’, तर चौथा म्हणाला, सरळ ‘म्युझिकल’ लिहा. त्यांचं विचारणं असं: नाटकावरून काढलेला सिनेमा आणि नाटकाचं पडद्यावर दाखवलेलं रेकॉर्डिंग, या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे की दोन?

दोन आहेत. फरक आपण आधी क्रियापदात करतो आणि नाम मागाहून शोधत बसतो. नाटक ‘बसवतात’, चित्रपट ‘काढतात’. नाटकाचा ‘प्रयोग’ होतो, चित्रपटाचा ‘खेळ’ असतो. प्रयोग रंगतो किंवा पडतो, पिक्चर चालतो किंवा पडतो. सांगली-साताऱ्याकडे तर आणखी एक खूण आहे: भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात नाटक ‘येतं’, आणि थिएटरला पिक्चर ‘लागतो’. (पुण्या-मुंबईत नाटकही ‘लागतं’, कारण तिथे त्याचा मुक्काम असतो. आपल्याकडे गाडी येते, सेट उतरतो, प्रयोग होतो आणि रात्रीच गाडी पुढे जाते.) आता हेच रेकॉर्डिंगला लावून पाहा. सांगलीतल्या थिएटरात रेकॉर्ड केलेलं ‘सौभद्र’ दाखवलं तर कोणी ‘सौभद्र आलंय’ म्हणणार नाही, ‘सौभद्र लागलंय’ असंच तोंडात येईल. म्हणजे दाखवण्यापुरती ती वस्तू सिनेमाच्या बाजूला गेली. पण ‘सौभद्र’चं ‘लागलंय’ हे नपुंसकलिंग सुटलेलं नाही. आतली वस्तू नाटकच आहे.

‘खेळ’ या शब्दाबद्दल थोडं थांबायला हवं. आज तो सिनेमाचा वाटतो: तीनचा खेळ, सहाचा खेळ, नऊचा खेळ. पण तो सिनेमाला मिळाला नाटकाकडूनच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यानंतर नाटक मंडळ्या गावोगाव जे करत हिंडल्या, त्याला लोक ‘नाटकाचे खेळ’च म्हणत. ‘प्रयोग’ हा संस्कृत नाट्यशास्त्राच्या घरातला शब्द नाटकाकडे पक्का झाला, आणि मोकळा पडलेला ‘खेळ’ पडद्याने घेतला. म्हणून ‘चित्रमुद्रित प्रयोगाचे दोन खेळ’ ही शब्दयोजना मला विसंगत वाटत नाही. प्रयोग एकदा झाला, त्याचे खेळ कितीही होतील. दोन्ही शब्द आपापल्या जागी नेमके बसतात.

आता सुचवलेले मराठी शब्द एकेक घेऊ.

‘संगीतिका’ आधी बाजूला काढावा. ‘संगीतिका’ हा शब्द मराठीत रुळला तो बहुतांशी किंवा पूर्णपणे गाण्यातून उलगडणाऱ्या रचनेसाठी, विशेषतः आकाशवाणीवरच्या. मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि पु. ल. देशपांड्यांचं संगीत असलेली ‘बिल्हण’ ही संगीतिका. संगीत नाटकात गद्य संवाद भरपूर असतात आणि पदं त्यांच्यामधून येतात. त्याला संगीतिका म्हटलं तर जाणकार प्रेक्षक गद्य नसलेलं काही पाहायला मिळेल अशा समजुतीने येईल.

‘सांगीतिक’ हे विशेषण ‘संगीताविषयीचं’ एवढंच सांगतं: सांगीतिक कारकीर्द, सांगीतिक वारसा. ‘सांगीतिक चित्रपट’ वाचून एखाद्या गवयाचं चरित्र डोळ्यांपुढे येतं. ‘संगीतपट’ बरा, पण तो फक्त चित्रपटात गाण्याला महत्त्व आहे एवढंच सांगतो. त्याचा रंगमंचाशी संबंध असेलच असं नाही.

‘नाट्यपट’ हा दिसायला सर्वांत गोड आणि सर्वांत फसवा. ‘पट’च्या कुटुंबात बोलपट, मूकपट, चरित्रपट, माहितीपट असे शब्द आहेत. पहिलं पद तो पट कसला आहे किंवा कशाविषयी आहे ते सांगतं. ‘नाट्य’ म्हणजे नाटक नव्हे. ‘नाट्यपूर्ण घटना’ म्हणतो तेव्हा मंच कुठेच नसतो. त्यामुळे नाट्यपट म्हणजे नाट्यमय चित्रपट असाच अर्थ निघेल.

उरला ‘संगीत चित्रपट’. इथे मराठीची एक खास लकब आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं तेव्हापासून ‘संगीत’ हा शब्द नाटकाच्या नावाआधी विशेषणासारखा लागतो. शारदा, सौभद्र, संशयकल्लोळ या सगळ्यांच्या आधी तो असतो आणि जाहिरातीत कधी नुसतं ‘सं.’ असतं. तो जणू नाटकाच्या नावाचाच भाग. नाटककार खाडिलकर हे सांगलीचेच. त्यांच्या १९११ च्या ‘मानापमान’वरून २०२५ मध्ये चित्रपट आला तेव्हा त्याने ‘संगीत मानापमान’ हे पूर्ण नाव ठेवलं. त्या ‘संगीत’ने मूळ नाटकाकडे बोट दाखवलं आणि पडद्यावर ते छान शोभलं. पण ‘संगीत चित्रपट’ असं सामान्यनाम केलं की ते बोट दाखवणं संपतं. नाव म्हणून ‘संगीत’ ठेवा, वर्ग सांगायला तो वापरू नका.

मग वर्ग कसा सांगायचा? माझं उत्तर: नाटकावरून नव्याने काढलेला तो ‘…या संगीत नाटकावरून चित्रपट’, आणि मंचावरचा प्रयोग कॅमेऱ्याने घेतलेला तो ‘चित्रमुद्रित प्रयोग’.

पहिल्यासाठी ‘रूपांतर’ टाळावं. हा शब्द आपल्या रंगभूमीवर दुसऱ्या कामात गुंतलेला आहे. हरिपूरच्या नाटककार देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, ते रूपांतर: गाव, नावं, रीतिरिवाज बदलले, मंच तोच राहिला. मंच सोडून पडद्यावर जाणं हे ‘माध्यमांतर’. शब्द थोडा पुस्तकी आहे, पण अर्थाने बरोबर आहे, आणि लेखात वापरायला हरकत नाही. फलकावर ‘नाटकावरून’ हे साधं रूप पुरे.

दुसऱ्यासाठी ‘चित्रीकरण’ न घेता ‘चित्रमुद्रण’ का? चित्रीकरण म्हणजे शूटिंग, आणि ते दोन्हीकडे होतं. ‘मुद्रण’ मात्र ध्वनिमुद्रणापासून आपल्या ओळखीचं आहे. जे घडलं त्याचा ठसा घेणं, हा त्याचा अर्थ. इथे नेमकं तेच होतं.

गाण्याकडे पाहिलं की हा फरक लगेच पटतो. नाटकात ‘पद’ असतं आणि ते गायक नट स्वतः, त्याच क्षणी, समोरच्या ऑर्गन-तबल्यावर गातो. चित्रपटात बहुधा ‘गाणं’ होतं: आधी ध्वनिमुद्रित होतं, नट ओठ हलवतो, आवाज अनेकदा पार्श्वगायकाचा असतो. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’वरून २०१५ मध्ये चित्रपट निघाला तेव्हा मूळ संगीतकार अभिषेकीबुवांच्या पदांबरोबर नव्या संगीतकारांची नवी गाणी आली. माध्यमांतरात असं चालतं. परदेशातही तेच: ‘विकेड’ हे एक नाटक २०२४ आणि २०२५ असं दोन चित्रपटांत विभागलं गेलं. ‘ले मिझराब्ल’च्या २०१२ च्या चित्रपटात नटांनी कानात पियानो ऐकत सेटवरच गाऊन घेतलं, पण तेवढ्याने तो प्रयोग झाला नाही. याउलट ‘हॅमिल्टन’ हे नाटक २०१६ मध्ये नाट्यगृहात मूळ नटसंचासह चित्रित केलं गेलं. काही भाग प्रेक्षकांविना वेगळे घेतले तरी ते चित्रमुद्रणच राहतं.

‘लाइव्ह’ आणि ‘थेट’ हे शब्दही जपून वापरावेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २००६ पासून आणि लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून प्रयोग चित्रपटगृहांत त्याच वेळी दाखवले; तेव्हा ते ‘थेट प्रक्षेपण’ होतं. तेच पुन्हा दाखवतात तेव्हा त्याला तिकडे ‘एन्कोअर’ म्हणतात. आपल्याकडे त्याचा भाऊ ‘वन्स मोअर’, पण तो अख्ख्या खेळाला नसून एका पदाला मिळतो. फलकावर ‘लाइव्ह’ लिहून रेकॉर्डिंग दाखवलं तर प्रेक्षकाची फसवणूक होते.

हा वन्स मोअर चित्रमुद्रणात अडचण करतो, म्हणून आयोजकांसाठी सांगतो. दोन्ही वेळचं पद ठेवलं तर खेळ लांबतो. दुसरं कापलं तर आधीच्या टाळ्या आणि पुढचा संवाद यांच्यामध्ये नटाची उभं राहण्याची जागा, घाम, उपरण्याची घडी बदललेली दिसते आणि ऑर्गनचा लांबलेला सूर मध्येच तुटतो. टाळ्यांचा आवाज सांध्यावरून पुढे ओढून नेला आणि चित्र दूरच्या कॅमेऱ्यावर घेतलं, तर सांधा खपतो.

दुसरी अडचण स्वराची, आणि सांगली-मिरजेच्या श्रोत्यांत ती हमखास पकडली जाईल. आपल्याकडचं दूरदर्शन-पद्धतीचं रेकॉर्डिंग सेकंदाला २५ फ्रेमचं असतं, तर चित्रपटगृहाची सवय २४ ची. कोणी ते तसंच २४ वर चालवलं तर सगळं चार टक्क्यांनी मंदावतं. १५० मिनिटांचा प्रयोग १५६ मिनिटं १५ सेकंदांचा होतो, आणि सूर साधारण ०.७ अर्धस्वराने उतरतो (अर्धस्वर म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). काळी एकचा षड्ज पांढरी एकच्या जरा वर येऊन बसतो, म्हणजे कोणत्याच पट्टीत नाही. ओळखीचा गळा जड लागतो, तान आळसावते, आणि दोष गायकाला मिळतो. उपाय दोन: चित्रपटगृहाचा सर्व्हर २५ फ्रेमची प्रत चालवतो का, हे आधी पाच मिनिटांची चाचणी घेऊन पाहावं, नाहीतर प्रत करतानाच स्वर कायम ठेवून वेग बदलून घ्यावा. चाचणीला हातात ट्यूनर किंवा पेटी असावी.

कायद्याची भाषाही हाच फरक करते. मंचावरच्या नाटकाला महाराष्ट्रात रंगभूमी ‘प्रयोग’ परिनिरीक्षण मंडळाकडे जावं लागतं. तेच रेकॉर्डिंग चित्रपटगृहात लोकांना दाखवायचं तर केंद्रीय ‘चित्रपट’ प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नाटकाचं जुनं प्रमाणपत्र पडद्याला चालत नाही. फलक छापण्याआधी हे तपासून घ्यावं.

फलकाचा मजकूर विचारला आहे, तर असा करावा:

संगीत सौभद्र
चित्रमुद्रित प्रयोग, मोठ्या पडद्यावर
खेळ: दुपारी ३ आणि सायंकाळी ६.३०

खाली मूळ प्रयोग कुठल्या नाट्यगृहातला, कोणत्या वर्षाचा, आणि ऑर्गन-तबल्याला कोण होतं ते लिहावं. साथीदारांची नावं अशा फलकांवरून नेहमी गळतात. आणि ‘नाटक लागलंय’ असं कोणी म्हणालं तर त्याला दुरुस्त करू नका. तो बरोबरच बोलतो आहे.