वाचकांचे प्रश्न : ग्राफीन कुठे कामाचं, कुठे नाही

प्रश्न : आमच्या रावेर भागात केळीला युरिया भरपूर जातो. विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायला आम्ही कार्बन इलेक्ट्रोडवर ग्राफीन ऑक्साइडचा (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा; ऑक्साइड म्हणजे त्याचं ऑक्सिजन जोडलेलं रूप) थेंब वाळवला. व्होल्टेज बदलत प्रवाह मोजला, तर आलेखात नायट्रेटचं शिखर उमटत नाही आणि थरही सुटतो. काय चुकतंय?
– एमएस्सीचा विद्यार्थी

उत्तर : ग्राफीन ऑक्साइडमधून वीज जेमतेम वाहते, म्हणून आधी त्याचं क्षपण करावं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. नुसतं ग्राफीन नायट्रेटला दाद देत नाही. ते काम तांब्याचं.

3 मिमी व्यासाचा इलेक्ट्रोड 0.05 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनावर लख्ख घासून धुवा. मिलीला 1 मिग्रॅ अशा द्रावणाचा 5 मायक्रोलिटर थेंब पुरे. आपल्याकडे मे महिन्यात 44-45 अंशांत हा थेंब झपाट्याने आटतो. सगळा माल कडेला जमून तपकिरी कडं बनतं, मध्य उघडा पडतो, आणि ते जाड कडंच पापुद्र्यासारखं सुटतं. वर काचेची वाटी उपडी घाला, सावकाश वाळू द्या.

मग ऑक्सिजन काढलेल्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) 0 ते −1.5 व्होल्ट (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत), सेकंदाला 50 मिलिव्होल्ट, दहाएक फेऱ्या द्या. पहिल्या फेरीतलं मोठं शिखर पुढे नाहीसं झालं आणि थर काळा पडला की क्षपण झालं समजा. आणखी खाली जाऊ नका, हायड्रोजनचे बुडबुडे थर उचकटतात.

आता आम्लयुक्त मोरचूदच्या 10 मिलिमोलर द्रावणात −0.4 व्होल्टला मिनिटभर धरून तांबं चढवा. मोजणी 0.1 मोलर सोडियम सल्फेटमध्ये, पीएच 2 ते 3 ठेवून करा. द्रावणातून नायट्रोजन वायू 15 मिनिटं सोडा, नाहीतर ऑक्सिजनचंच शिखर मोजाल. सुरुवात −0.2 व्होल्टपासून, धन बाजूला गेलात तर तांबं विरघळतं.

विहिरीच्या पाण्यातले क्षार शिखर हलवतात, म्हणून शुद्ध पाण्यावर काढलेला प्रमाण-आलेख इथे लावू नका; नमुन्यातच माहीत असलेलं नायट्रेट घालून बघा. लिटरभर पाण्यात 1.63 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवा. 20 मिली नमुन्यात याचे 0.2 मिली घातले की लिटरला साधारण 10 मिग्रॅ नायट्रेट वाढतं. असं तीनदा घालून, घातलेल्या नायट्रेटनुसार शिखर किती वाढतं त्याची रेषा काढा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिग्रॅ नायट्रेटची आहे. नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजला तर तीच सुमारे 10 होते. अहवालात कुठलं लिहिलंय ते स्पष्ट करा.

प्रश्न : धुळ्यात ई-रिक्षासाठी ‘ग्राफीन बॅटरी’ मिळते. घ्यावी का?

उत्तर : हातात उचलून बघा. जड असेल तर बहुधा ती शिसे-आम्लाचीच, फक्त ऋण पट्टीत थोडं कार्बन मिसळलेलं. त्याने सल्फेट साचायला आळा बसतो, पण ती लिथियम बॅटरी होत नाही. चार्जर शिसे-आम्लाचाच लावा, आणि भर उन्हात चार्जिंग टाळा. तापमान 10 अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.