शिळावर्तुळ मोजायला जाताना
नागपूरकडची लोहयुगीन शिळावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडून केलेली जुनी दफनं, मोजायची तर कापसाची पऱ्हाटी उपटल्यावर, नांगरणीआधी जा. उभ्या पिकात काही कळत नाही. शेतमालकाला आधी विचार, टिकाव-फावडं घरीच ठेव. जुनापाणीसारख्या संरक्षित जागी पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय काही करू नकोस.

व्यास उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, दोन्ही घे. वर्तुळ नेमकं गोल क्वचितच असतं. टेप दगडाच्या बाहेरच्या कडेला लावली की आतल्या, हे वहीत लिहीच, नाहीतर नंतर आकडे जुळवता जुळवता जीव जातो. मधल्या माती-मुरुमाच्या भरावाची उंचीही घे.

काही दगडांवर वाटीसारखे कोरीव खळगे असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते उठून दिसतात, भर दुपारी तोच दगड कोरा वाटतो. खडूने रंगवू नकोस! वर्तुळात दगड कमी भरले तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बघ. नांगराला अडणारे बहुधा तिथेच लोटलेले असतात.