पस्तीस टक्क्यांना पास

प्रिय बाळ,

पत्र मिळालं. डॉक्टरांनी ओसीडीवर सर्ट्रालीनची गोळी लिहून देऊन तीन आठवडे झाले आणि पाकीट अजून हॉस्टेलच्या कपाटात तसंच, हे वाचून मला हसू आलं. रागवू नकोस, स्वतःचंच आठवलं. गोळीला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, मग ती स्ट्रिप कोणाकोणाच्या हातांतून आली असेल हा विचार, की परत नळ! शिवाय खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद तू पाठ केलायस. अगं, तुझा आजारच औषधाची परीक्षा घ्यायला बसलाय. त्याला परीक्षक नेमलंस तर कुठलीच गोळी पास व्हायची नाही.

तुम्ही पोरं मला कडक शिस्तीच्या बाई म्हणायचात. दहावीचे पेपर तपासताना मी एकेका उत्तरपत्रिकेची बेरीज अकरा वेळा करायचे, हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? मधेच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई म्हणायच्या, मंत्रचळ लागलाय हिला. शब्द अगदी बरोबर होता, ओसीडी म्हणजे हाच मंत्रचळ: नको तो विचार सुटत नाही आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा. त्यावर औषध असतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. आधी एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. झोप लागली, बेरीज सुटली नाही. 1999 साली मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा फ्लुओक्सेटिन सुरू झालं, तुझ्या सर्ट्रालीनच्याच जातीचं.

सुरुवात 20 मिलिग्रॅमने, मग 40, शेवटी 60. डोस वाढला तसे घरचे घाबरले, आजार वाढला म्हणून. तसं नसतं. नैराश्याला जेवढं पुरतं त्यापेक्षा ओसीडीला बहुधा जास्त लागतं आणि वेळही जास्त लागतो: पुरेशा डोसवर 8 ते 12 आठवडे. पाचव्या आठवड्यात मी निकाल लावून मोकळी झाले होते की हे काही खरं नाही. मळमळ, डोकं जड, झोप उडालेली. या औषधांचा त्रास आधी दिसतो, गुण मागाहून येतो. माझी मळमळ हळूहळू ओसरली. लैंगिक इच्छा कमी होते काहींची, तेही लाजून लपवू नकोस, डॉक्टरांना सांगायचं.

मग एका संध्याकाळी तीनदा बेरीज करून मी गठ्ठा बांधला आणि मेथी निवडायला बसले. अर्धी जुडी झाल्यावर लक्षात आलं की आपण उठलो! ‘चुकलं असेल’ हा विचार आलाच होता, पण त्याने हाताला धरून परत बसवलं नाही.

डॉक्टरांकडे येल-ब्राउन नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी असते. 40 गुण, आणि जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे आधी 28 होते, चार महिन्यांनी 18. मी हिरमुसले, शून्य का नाही? डॉक्टर म्हणाले, साधारण 35 टक्के उतार पडला की औषध लागू पडलं असं धरतात. ज्या रेघेवर आयुष्यभर पोरांना कसंबसं ढकललं, तिच्यावरच मी पास!

पहिल्याच औषधाने सगळ्यांना असा फरक पडत नाही, साधारण निम्म्यांना पडतो. नाही पडला तर दुसरं असतं, क्लोमिप्रामिनसारखं जुनंही असतं. माझे उरलेले 18 मात्र गोळीने हलले नाहीत. त्यासाठी ईआरपी नावाचा गोळीविना उपचार: ज्याची भीती तेच करायचं आणि नंतरची ती कृती करायची नाही. एकदाच बेरीज, गठ्ठा बंद, पोटात गोळा येईल तो येऊ द्यायचा. गोळीने तो गोळा सोसण्याइतका लहान केला होता, एवढंच. पण ते ‘एवढंच’ नसतं तर मी तिथे बसूच शकले नसते.

आई म्हणते मन घट्ट कर. तिला सांग, अकरा वेळा बेरीज करायला काही कमी घट्ट मन लागत नाही. आणि सवय लागेल ही तिची भीती त्या झोपेच्या गोळ्यांबद्दल खरी आहे, याबद्दल नाही. तरी एकदम बंद मात्र करायचं नाही. बरं वाटल्यावरही वर्ष-दोन वर्षं घ्यावी लागते आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. मी शहाणपणा करून सोडली होती. बोर्डाच्या पुढच्या हंगामात बेरजा परत अकरावर.

आता एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. पंचविशीच्या आतल्यांना पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस बदलताना कधी कधी फार अस्वस्थ होतं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं. तसं झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ते नाही भेटले तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास. रूममेटला हे आधीच सांगून ठेव.

सात खणांचा डबा आण. घेतली की नाही अशी शंका आली तर खण एकदा बघायचा. तरीही शंका उरली तर त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही, उद्याची उद्या.

डॉक्टरांनी सांगितलेली पहिली गोळी आज जेवणानंतर घे. हात एकदा धू. घेतलीस की मला ‘बाई, बरोबर केलं ना?’ असा मेसेज येईल. त्याचं उत्तर मी एकदाही देणार नाही.

तुझ्या बाई